अम्मींचा सब्र आणि आपली जबाबदारी



कधी कधी प्रश्नाचे अचूक उत्तर मिळूनही माणूस चुकतो. कारण जो प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारलेलाच नसतो. असा एक प्रसंग माझ्या स्वतःच्या घरात घडला. तो सांगताना संकोच वाटतो. परंतु अम्मींनी स्वतः परवानगी दिली आणि म्हणाल्या, "लिही. दुसऱ्या कुणाच्या घरी तरी असे होऊ नये."

अम्मींचे वय तेव्हा ६२ होते. पाळी बंद होऊन बारा-तेरा वर्षे उलटली होती. एके दिवशी त्यांनी माझ्या पत्नीमार्फत मला एक मसला विचारला : या वयात कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, तर नमाज अदा करावी की थांबवावी? मी एका जाणत्या आलिमांना विचारले. त्यांनी सांगितले की हे हैज नव्हे, इस्तिहाजा आहे. नमाज सोडू नये, कपडा पाक करावा, वुजू नव्याने करावा. उत्तर बरोबर होते. मी ते घरी पोहोचवले. अम्मींचे समाधान झाले, माझेही झाले. त्या मुकाट्याने प्रत्येक नमाजपूर्वी नवा वुजू करीत राहिल्या.

आठ महिन्यांनी पोटदुखी सुरू झाली, तेव्हा आम्ही त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले. सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासला गेला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. डॉक्टरबाईंनी विचारले, "रक्त कधीपासून जाते आहे?" अम्मी मान खाली घालून म्हणाल्या, "आठ महिने झाले." मी शेजारीच उभा होतो. ही गोष्ट मलाही आठ महिन्यांपासून ठाऊक होती.

अल्लाहच्या कृपेने शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पाठोपाठ किरणोपचारही घ्यावे लागले. आज अम्मी आमच्यात आहेत, अल्हम्दुलिल्लाह. परंतु "थोडे आधी आला असता तर बरे झाले असते," हे डॉक्टरबाईंचे साधे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. त्या आठ महिन्यांत आमच्या घरात नमाजची चिंता झाली. जी नमाज अदा करीत होती, तिची चिंता कुणी केली नाही.

म्हणून आज आपणांपुढे हा प्रश्न ठेवतो. पाळी बंद झालेल्या स्त्रीने आपले दुखणे गिळून टाकणे, हा सब्र आहे काय? तिने ते न सांगणे आणि आपण ते न विचारणे, ही हया आहे काय? की सब्र आणि हया या दोन पवित्र शब्दांच्या आड आपण आपली गफलत लपवीत आलो आहोत?

ज्या वयाविषयी कुरआन मोकळेपणाने बोलतो

प्रथम हे लक्षात घेऊ की रजोनिवृत्ती हा आजार नाही, की शिक्षाही नाही. स्त्रीच्या बीजकोशांचे कार्य हळूहळू मंदावते, इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण उतरते आणि पाळी थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात हे साधारणतः ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. म्हणजे सत्तरीपर्यंत आयुष्य लाभलेल्या स्त्रीचा जवळजवळ एक-तृतीयांश काळ रजोनिवृत्तीनंतरचा असतो. एवढ्या मोठ्या कालखंडाला आपण "आता वय झाले" या तीन शब्दांत गुंडाळून टाकतो.

कुरआन तसे करीत नाही. सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत, ज्या स्त्रियांना आता पाळी येण्याची आशा उरलेली नाही, त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांची इद्दत तीन महिन्यांची ठरवून दिली आहे. सूरह नूरच्या साठाव्या आयतीत वयस्क स्त्रियांना पोशाखाच्या बाबतीत सवलत दिली आहे. ज्या अवस्थेचे नाव घ्यायला आपल्या घरात जीभ अडखळते, तिच्याविषयी अल्लाहने आपल्या ग्रंथात कायदा सांगितला, सवलत दिली. त्या आयती मशिदींत पठण केल्या जातात. जी गोष्ट वहीच्या भाषेत येऊ शकते, ती मुलाने आईशी किंवा पतीने पत्नीशी आदराने बोलण्यात बेअदबी कशी असेल?

खौला (रजि.) यांची तक्रार

या विषयाचा गाभा मला हजरत खौला बिन्त सालबा (रजि.) यांच्या प्रसंगात दिसतो. त्यांचे पती औस बिन सामित (रजि.) यांनी रागाच्या भरात त्यांना आईच्या पाठीची उपमा दिली. अज्ञानकाळात या प्रकाराला 'जिहार' म्हणत. त्यामुळे पत्नी ना धड पत्नी राही, ना धड मुक्त होई. खौला (रजि.) पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापाशी आल्या आणि त्यांनी आपली व्यथा मांडली. हदीसच्या ग्रंथांत त्या व्यथेचा आशय असा आला आहे की, या माणसाने माझे तारुण्य उपभोगले, मी त्याला मुले दिली, आणि आता माझे वय झाले, मूल होणे थांबले, तेव्हा त्याने मला असे दूर केले.

वाचकहो, थोडे थांबून विचार करा. ही तक्रार कोणाची आहे? ज्या स्त्रीचे अपत्यधारणेचे वय सरले आहे, तिची आहे. आणि तिच्या बोलण्यात नेमके तेच दुःख आहे : उपयोग संपला, तशी किंमतही संपली. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की त्या त्याच घरात होत्या, तरी खौला (रजि.) यांचे काही बोलणे त्यांना ऐकू आले, काही आले नाही. परंतु अल्लाहने ते ऐकले. सूरह मुजादलाचा आरंभच या घोषणेने होतो की अल्लाहने त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले आहे. एका वयस्क स्त्रीच्या तक्रारीवर वही उतरली, एक अन्यायी रूढी मोडली गेली आणि तिची तक्रार कियामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथाचा भाग बनली.

पुढे हजरत उमर (रजि.) खलिफा असताना एका वृद्ध स्त्रीने त्यांना रस्त्यात थांबवले. ते बराच वेळ मान झुकवून तिचे ऐकत राहिले. सोबतच्यांनी नाराजी दर्शविली, तेव्हा त्यांनी सांगितले की या खौला आहेत; ज्यांचे बोलणे सात आसमानांवरून ऐकले गेले, त्यांचे उमरने ऐकू नये काय? हा प्रसंग इतिहासकारांनी नोंदवून ठेवला आहे.

या घटनेत एक कसोटी आहे. तक्रार करणाऱ्या खौला (रजि.) यांना कुणी "सब्र करा" असे सांगून गप्प बसवले नाही. त्यांचे ऐकून घेतले गेले, आणि उपाय दिला गेला.

हया म्हणजे मौन नव्हे

आपण म्हणाल, हयेचे काय? हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु हया कशाला म्हणावे, हे आपण मदिनेच्या स्त्रियांकडून शिकावे. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली ती याचसाठी, की धर्माचे ज्ञान मिळविण्यात लज्जा त्यांच्या आड आली नाही.

फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांना सतत रक्तस्राव होत असे. त्यांनी पैगंबर (स.) यांना नमाजविषयी विचारले. उत्तरात नमाजचा हुकूम तर आहेच. पण त्याआधी कारणही सांगितले आहे, की हे हैज नाही, हे रक्तवाहिनीतून येणारे रक्त आहे. हमना बिन्त जहश (रजि.) यांना फार रक्तस्राव होत असे. त्यांना पैगंबर (स.) यांनी आधी कापूस वापरण्याचा, मग कापड बांधण्याचा व्यवहारी सल्ला दिला, आणि नंतर त्यांना सोयीचे पडेल अशा रीतीने नमाज एकत्र करण्याचा मार्ग सांगितला. प्रश्न इबादतचा होता, तरी उत्तरात शरीर वगळलेले नाही.

आता मला माझी चूक स्पष्ट दिसते. मी इस्तिहाजाचा हुकूम शोधला. पण ज्या हदीसमधून तो हुकूम आला, तिच्यातली दृष्टी मी घेतली नाही. इस्तिहाजा हे फिकहमधील नाव आहे. ते रक्त नमाजला अडवत नाही, एवढे ते नाव सांगते. ते रक्त निरुपद्रवी आहे, असे सांगत नाही. म्हणून प्रत्येक घरात ही एक गोष्ट पक्की ठाऊक असावी : पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तपासणी करून घ्यावी. बहुतेक वेळा कारण साधेच निघते, अस्तर पातळ होणे किंवा लहानशी गाठ. परंतु काही वेळा तो कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि या कर्करोगात तो इशारा लवकर मिळतो, ही अल्लाहची मेहरबानीच आहे. वेळीच दखल घेतली तर बहुतांश स्त्रिया बऱ्या होतात. आलिमांना मसला विचारा, अवश्य विचारा. त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जा.

स्त्री-डॉक्टर उपलब्ध असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे. नसेल तर आवश्यकतेपुरती पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास उलेमांनी मुभा दिली आहे. येथे समाज म्हणूनही आपल्याला एक प्रश्न आहे. आपल्या अम्मींसाठी स्त्री-डॉक्टर हवी असे आपण म्हणतो, तर आपल्या किती मुलींना आपण वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवतो? पैगंबर (स.) यांच्या काळात रुफैदा (रजि.) यांचा तंबू मशिदीतच होता आणि जखमी साद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा तेथेच झाली. ज्या समाजाच्या आरंभी असे उदाहरण आहे, त्याच्या स्त्रियांना उपचारासाठी लाजत फिरावे लागू नये.

सब्र कोणाचा आणि कोणी सांगायचा?

आता सब्रकडे वळू. "आमच्या दादी-नानींनी हे सगळे सोसले, कधी चकार शब्द काढला नाही," असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या सहनशीलतेला माझा सलाम आहे. परंतु त्यांनी शब्द काढला नाही, याचे कारण सब्र होते की ऐकणारे कुणी नव्हते, हे आपण त्यांना कधी विचारले होते काय?

सब्रचा सर्वोच्च आदर्श म्हणजे हजरत अय्यूब (अलै.). अल्लाहने त्यांना सब्र करणारा म्हणून गौरविले आहे. त्याच अय्यूब (अलै.) यांनी आपल्याला त्रास होत आहे हे आपल्या पालनकर्त्यापुढे बोलून दाखविले. म्हणजे दुःख सांगणे सब्रच्या विरुद्ध नाही. पुढे सूरह सादमध्ये येते की त्यांना जमिनीवर पाय मारण्याचा आदेश झाला आणि स्नानासाठी व पिण्यासाठी थंड पाणी मिळाले. म्हणजे उपाय स्वीकारणेही सब्रच्या विरुद्ध नाही. दुआ, कृती आणि उपचार या तिन्ही गोष्टी ज्याच्या जीवनात आहेत, त्यालाच कुरआन सब्र करणारा म्हणतो.

एक हदीस येथे विशेष विचार करण्यासारखी आहे. काही ग्रामीण अरबांनी पैगंबर (स.) यांना विचारले, की आम्ही औषधोपचार करावेत काय? त्यांनी उपचार करण्यास सांगितले. अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा उपायही ठेवला आहे, अपवाद फक्त वार्धक्याचा. आपण या हदीसचा शेवट लक्षात ठेवतो आणि आरंभ विसरतो. वार्धक्याला औषध नाही, हे खरे. परंतु वार्धक्यात होणारी प्रत्येक गोष्ट वार्धक्य नसते. केस पिकणे हे वार्धक्य आहे. हाड ठिसूळ होऊन मोडणे हा आजार आहे. चाल मंद होणे हे वार्धक्य आहे. चार पायऱ्या चढून दम लागणे हे हृदयाचे दुखणे असू शकते. या दोहोंतील फरक घरातल्या घरात, नुसत्या अंदाजाने ठरत नाही; तो तपासूनच ठरतो. न तपासता "वय झाले" म्हणणे म्हणजे त्या हदीसमधील अपवादालाच नियम करून टाकणे होय.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत अम्मी रात्री उठून बसत. अंगातून वाफा निघत, कपडे घामाने भिजत, मग झोप लागत नसे. मी त्यांना म्हणालो होतो, "अम्मी, अल्लाह तुम्हाला तहज्जुदसाठी उठवतो आहे." त्या हसल्या होत्या. बोलणे सुंदर होते, परंतु ते बोलण्याचा अधिकार माझा नव्हता. जागरणातून तहज्जुदची संधी शोधणे हा अम्मींचा सब्र झाला असता. ती जागी आहे हे पाहून मी पाठ फिरवून झोपणे आणि त्याला सुंदर नाव देणे, ही माझी गफलत होती. सब्र ही सोसणाऱ्याने स्वतःसाठी निवडण्याची गोष्ट आहे. ज्याच्यावर तिची काळजी घेण्याची जबाबदारी आहे, त्याने तो तिच्यावर लादायचा नसतो. त्याच्या वाट्याला सब्र नव्हे, खिदमत आली आहे.

कुरआनने आई-वडिलांना 'उफ' देखील म्हणू नका असे बजावले आहे. आपण अम्मींना 'उफ' म्हणत नाही, एवढ्यावर संतुष्ट असतो. पण गुडघ्यावर हात ठेवून सज्द्यातून उठताना अम्मींच्या तोंडून जो 'उफ' निघतो, तो आपल्याला ऐकू येतो काय?

शरीरात काय घडते आणि काय करता येते

ज्याची जबाबदारी घ्यायची, त्याची माहितीही हवी. इस्ट्रोजेन कमी झाले की त्याचा परिणाम केवळ गर्भाशयावर होत नाही. अंगातून वाफा निघणे, रात्रीचा घाम, निद्रानाश, धडधड, चिडचिड, उदासी, विसरभोळेपणा, सांधेदुखी असे अनेक त्रास होतात. वाफांचा त्रास कित्येकींना वर्षानुवर्षे राहतो. शांत स्वभावाची स्त्री एकाएकी रागीट झाली, तर सुना-मुले म्हणतात की म्हातारपणी स्वभाव बदलला. महिनोन्महिने जिची झोप नीट झालेली नाही, तिच्या स्वभावाचा न्याय करण्याआधी तिच्या झोपेची चौकशी केलेली बरी.

हे त्रास असह्य असतील तर उपचार आहेत. साठीच्या आत किंवा पाळी बंद होऊन दहा वर्षे झाली नसतील, तर संप्रेरकांची औषधे पुष्कळ स्त्रियांना लाभदायक ठरतात. मात्र ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे, अशांसाठी ती सहसा योग्य नसतात. त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, शेजारणीच्या गोळीवरून नव्हे.

हाडांचे नुकसान तर आवाज न करता होते. पाळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. मग एखाद्या दिवशी वुजूच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध स्त्री पुष्कळदा पूर्वीसारखी चालू शकत नाही. यावर उपाय साधे आहेत. दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एका मोठ्या पेल्यातील दुधात ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दही, तीळ, नाचणी, काट्यासकट खाता येणारी लहान मासळी यांतूनही ते मिळते. परंतु घरात दूध आधी मुलांना, मग पुरुषांना, आणि उरलेच तर अम्मींच्या चहात, असा क्रम असेल, तर हिशेब जुळायचा कसा? 'ड' जीवनसत्त्वासाठी ऊन लागते. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या आणि पडल्यास अंग झाकून जाणाऱ्या स्त्रियांनी गच्चीवर किंवा अंगणात आडोशाने ऊन घ्यावे. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. रोज चालावे, थोडे वजन उचलण्याचा व्यायाम करावा. वुजूच्या जागी खरबरीत फरशी आणि हाताला धरायला दांडा बसवावा. ही मुलांनी करण्याची खिदमत आहे आणि तिला खर्चही फारसा नाही.

हृदयाकडेही लक्ष हवे. तरुणपणी स्त्रीला हृदयविकारापासून जे संरक्षण असते, ते या वयात ओसरते. रक्तदाब, साखर, चरबी वर्षातून एकदा तरी तपासावी. स्त्रियांमध्ये हृदयाचा झटका नेहमी छातीतल्या तीव्र कळेनेच येतो असे नाही. दम लागणे, विलक्षण थकवा, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळणे हीदेखील लक्षणे असू शकतात. "पित्त झाले असेल" म्हणून ओव्याचे पाणी देऊन वेळ दवडू नये.

काही त्रास असे असतात जे पत्नी पतीलाही सांगत नाही. योनिमार्ग कोरडा पडणे, जवळीक वेदनादायक होणे, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणे, खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब जाणे. यांवरही मलम, व्यायाम, औषधे आहेत. खोकताना थेंब गेला की वुजू तुटतो, म्हणून जमातच्या कार्यक्रमाला, नात्यातल्या निकाहला जाणेच सोडून दिलेल्या स्त्रिया आपल्यात आहेत. कुरआनने पती-पत्नीला परस्परांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्र अंगाच्या सर्वांत जवळ असते. जखम असेल तर ती आधी त्याला कळावी. पत्नीच्या नकाराला "आता तुला माझी पर्वा नाही" असे म्हणण्यापूर्वी पतीने विचारावे, "तुला त्रास होतो का?" एवढ्या एका प्रश्नाने कित्येक संसारांतील दुरावा मिटू शकेल.

उपयोग संपला, म्हणजे किंमत संपली?

खौला (रजि.) यांची व्यथा अज्ञानकाळाबरोबर संपली, असे समजू नका. २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कितीतरी जणी ऐन तिशी-चाळिशीत होत्या. पाळीमुळे कामाचा खाडा नको, आणि मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय, हा विचार त्यामागे होता. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची व हृदयाची हानी कित्येक वर्षे आधीच सुरू होते. या स्त्रिया कोणत्याही धर्माच्या असोत, त्या आपल्या भगिनी आहेत. आणि "मुले झाली, आता उपयोग काय" हे वाक्य केवळ उसाच्या फडात बोलले जात नाही. तपासणीचा खर्च टाळताना, दवाखान्याचा दिवस पुढे ढकलताना तेच वाक्य आपल्या घरांतही न बोलता बोलले जाते.

इस्लामने स्त्रीची किंमत तिच्या गर्भाशयाने मोजलेली नाही. मूल देण्याचे वय सरल्यावरही ती अल्लाहची बंदी आहे, तिच्या कर्मांचा हिशेब आहे, तिच्या दुआंना वजन आहे. किंबहुना या वयात तिच्या इबादतला एक नवे सातत्य लाभते. आता महिन्याकाठी नमाज थांबत नाही, रमजानचे रोजे मागे राहत नाहीत. अनेक अम्मी हे समाधानाने सांगतात. ज्या वयाला जग उतार समजते, त्या वयात अल्लाहने तिच्यासाठी हा दरवाजा उघडा ठेवला आहे. त्यातून जाण्यासाठी तिचे गुडघे, तिचे डोळे, तिची झोप शाबूत राहावी, हे पाहणे आपले काम नव्हे काय?

अम्मींना दोन शब्द

हा लेख वाचणाऱ्या माता-भगिनींनाही अदबीने एक विनंती आहे. हजरत सलमान (रजि.) यांनी अबू दर्दा (रजि.) यांना सांगितले होते, की तुमच्यावर तुमच्या रबचा हक्क आहे, तुमच्या स्वतःचाही आहे आणि घरच्यांचाही, आणि पैगंबर (स.) यांनी त्याला दुजोरा दिला. हे सांगितले गेले ते इबादतमध्ये स्वतःला विसरलेल्या माणसाला. आपण संसारात स्वतःला विसरलात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ते आपल्या मालकीचे नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीकही आपल्याला नाही.

सवलती घेताना अपराधी वाटून घेऊ नका. उभे राहून नमाज शक्य नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर, ही मुभा स्वतः पैगंबर (स.) यांनी दिली आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा अन्य औषधे चालू असतील, तर रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा ठरवून घ्या. आजारपणात रोजे पुढे ढकलण्याची आणि कायमची असमर्थता असेल तर फिदया देण्याची तरतूद आहे. अल्लाह आपल्यासाठी सुलभता इच्छितो, हे कुरआनने रोज्याच्याच संदर्भात सांगितले आहे. आणि दुखत असेल तर सांगा. मुलगा लाजेल म्हणून नव्हे, सून काय म्हणेल म्हणून नव्हे, खौला (रजि.) यांची आठवण ठेवून सांगा.

बंधूंनो, आपल्यापैकी प्रत्येक जण रखवालदार आहे आणि त्याला त्याच्या अखत्यारीतील माणसांविषयी विचारले जाणार आहे, ही हदीस आपण व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकतो. आज रात्री ती घरात आणा. अम्मींजवळ बसा. "तब्येत बरी आहे ना?" असे उभ्या-उभ्या विचारू नका, त्याला "अल्हम्दुलिल्लाह" एवढेच उत्तर मिळते, आणि अल्लाहची स्तुती ऐकून आपण निर्धास्त होतो. त्याऐवजी विचारा : रात्री झोप लागते का? गुडघे कसे आहेत? मागची तपासणी कधी झाली? मुलांनी जे विचारायला संकोच वाटेल, ते मुली-सुनांनी विचारावे. आणि उत्तर मिळाले की ते दोन दिवसांत दवाखान्यापर्यंत पोहोचवावे.

माझ्या अम्मींनी आठ महिने सब्र केला, असे मी कधी काळी म्हणालो असतो. आता म्हणत नाही. त्यांनी सोसले, आणि मी ऐकले नाही, असे म्हणतो. आपल्याला असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

अल्लाह आपल्या सर्वांच्या अम्मींना, पत्नींना, भगिनींना आरोग्याचे आणि समाधानाचे आयुष्य देवो. ज्या आपल्यातून गेल्या त्यांना मगफिरत लाभो. आणि जी तक्रार तो आसमानांवरून ऐकतो, ती शेजारच्या खोलीतून ऐकण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.